मी वॉल्ट बोलते

"हॅलो रेवा? मी वॉल्ट बोलते."

अमेरिकेत आल्यावर मला आलेला हा पहिला फोन. आवाज घोगरा, जाड, खोल विहिरीतून यावा तसा. नंबर सुधामावशीचा होता, पण नाव मला नीट ऐकू आलं नाही. वाटलं, तिच्या शेजारची कोणी म्हातारी असेल, घसा बसला असेल बिचारीचा.

"आज बर्फ पडून राहिला. मी सकाळपासून गाईंकडे होते. फार दमले. तू जेवलीस?"

"हो आजी," मी आदराने म्हणाले.

मग फोन मावशीने घेतला. तिला हसू आवरत नव्हतं. "अगं, आजी काय! तुझा काका आहे तो."

वॉल्टकाका म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. सत्तरी ओलांडलेला, सहा फुटांहून उंच, पांढऱ्या झुबकेदार मिशांचा, अंघोळ आणि झोप सोडली तर सदैव हॅट घातलेला असा मोंटानाचा रँचर. मोंटानाच्या पूर्वेकडे नुसती गवताची माळरानं आहेत, आणि त्यातल्या एका माळावर त्याच्या शेकडो गाई, एक लाकडी घर आणि माझी नागपूरची मावशी राहतात. दूध संपलं तर दुकान सव्वा तासावर. शेजारी म्हणायचं तो पलीकडच्या टेकडीच्या पलीकडे.

तर हा माणूस अस्सल नागपुरी मराठी बोलतो. 'काहून', 'बाप्पा', 'येऊन राहिली' सगळं. गंमत अशी की बाकीचं व्याकरण चोख. गाय आली, बैल आला, वासरू आलं, यात चूक नाही. ट्रॅक्टर बिघडला, गाडी बिघडली, यातही नाही. फक्त स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की तो बाई होतो. मी आले, मी गेले, मी पडले. आणि कुठल्याही प्रश्नाला त्याचं ठरलेलं उत्तर, "बघते." कुंपण कधी दुरुस्त करणार? बघते. डॉक्टरकडे कधी जाणार? बघते. मावशीने एकदा विचारलं होतं म्हणे, मी आधी गेले तर काय करशील? त्यालाही तो "बघते" म्हणाला आणि दिवसभर कोठीत जाऊन बसला.

मावशी नर्स होऊन तिथल्या एका छोट्या हॉस्पिटलात नोकरीला आली, तेव्हा गाईने लाथ मारून पाय मोडलेला हा तरुण तिच्या वॉर्डात होता. हाड जुळेपर्यंत लग्नही जुळलं. नागपूरला आजोबांना कळवताना तिने एवढंच लिहिलं की मुलगा गाई पाळतो. आजोबा विरघळले. उलट टपाली प्रश्न आला: दूध किती देतात? मावशी खोटं बोलत नाही. तिने लिहिलं, दूध काढत नाहीत, सगळं वासरंच पितात.

आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं दूध वासरांना! केवढ्या मनाचा माणूस! पुढे आयुष्यभर ते कॉलनीत सांगत फिरले की आमचे अमेरिकेतले जावई गोसेवा करतात. त्या वासरांचं पुढे काय होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. शरद ऋतूत मोठे ट्रक येतात आणि वासरं भरून नेतात, एवढंच मी इथे सांगते. त्या दिवशी वॉल्टकाका कुठल्याच भाषेत बोलत नाही.

घरातही त्याने एक तह करून ठेवलेला. मावशी शाकाहारी, म्हणून तिच्या स्वयंपाकघरात मांस शिजत नाही. काकाला तर स्टेक लागतोच. मग तो अंगणात शेगडी मांडून भाजतो. उन्हाळ्यात सगळेच भाजतात, हा उणे वीस तापमानातही भाजतो. जाड कोट, कानपट्ट्या, मिशांवर बर्फ, आणि हातात चिमटा. खातोही तिथेच, उभ्याउभ्या. मग आत येऊन, हात धुऊन, मावशीसोबत पुन्हा वरणभात जेवतो. "दोन वेळा जेवले," असं अभिमानाने सांगतो.

हे सगळं मला ऐकून माहीत होतं. प्रत्यक्ष पाहायची वेळ आली ती माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा.

आई नागपूरला एकटी. मी अमेरिकेच्या पूर्व टोकाला, हर्नडनला, आयटीत. आणि नेमकं माझं व्हिसा रिन्यूअल अडकलेलं. देशाबाहेर गेले असते तर परत येता आलं नसतं. मी फोनवर रडत होते. मावशी म्हणाली, "रडू नकोस. मी रिटायर्ड नर्स आहे, ताईची बहीण आहे. मी जाते. तू वर्क फ्रॉम होम करतेस ना? मग इथे येऊन कर. हा एकटा राहिला तर उन्हाळ्यापर्यंत फक्त बिस्किटं खाईल. तुझ्या आईला मी बघते, माझ्या नवऱ्याला तू बघ."

अशी आमची अदलाबदल झाली. फेब्रुवारीच्या शेवटी मी लॅपटॉप घेऊन मोंटानाला पोचले आणि मावशी नागपूरला.

हा नेमका गाई व्यायचा हंगाम. काका दिवसातून कितीदा तरी माळावर जाऊन येई. बर्फात जन्मलेलं वासरू गारठून निपचित पडलं की त्याला पिकअपमध्ये घालून घरी आणायचा आणि न्हाणीघरातल्या टबात कोमट पाण्यात धरून बसायचा. मग टॉवेलने खसाखसा पुसून, गाईचा चीक बाटलीने पाजायचा. खरवसाच्या आठवणीने माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी म्हटलं, "काका, थोडा चीक उरेल का?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. मावशीलाही इतक्या वर्षांत एक वाटी मिळालेली नाही, हे मला नंतर कळलं.

पहिल्याच आठवड्यात माझी मीटिंग चालू असताना टबातलं वासरू हंबरलं. मीटिंगमधले सगळे थांबले. पाठोपाठ काकाचा खर्जातला आवाज घरभर घुमला, "आले, आले, मी आले! रडू नको बाप्पा, मी आहे ना!"

आमच्या टीममध्ये एडिसन गावात राहणारा एक मराठी मुलगा आहे. तो म्हणाला, "यार रेवा, या काकू कोण? काय आवाज आहे!" तेवढ्यात काकू माझ्या मागून गेल्या. हॅट, मिशा, भिजलेला शर्ट आणि कवेत टॉवेलात गुंडाळलेलं वासरू. त्या दिवशी मीटिंग पुढे झाली नाही.

हळूहळू मला काकाच्या तऱ्हा समजत गेल्या. रस्त्यावर तासाभरात एखादी गाडी यायची. ती दिसली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायचा, आणि नंतर बराच वेळ खुशीत राहायचा, "आज गर्दी आहे," म्हणायचा. कुत्र्याचं नाव बंड्या. त्याला इंग्रजी कळत नाही असं काकाचं ठाम मत, पाहुण्यांनी "सिट" म्हटलं तर हा भाषांतर करून द्यायचा, "बंड्या, बस." मावशी घरात नव्हती, तरी स्टेक अंगणातच. एके दिवशी वारं इतकं होतं की शेगडी विझत होती. मी म्हटलं, "काका, आत भाजा ना. मावशी कुठे बघतेय?"

"वास राहते भिंतीत," तो म्हणाला. "ती आली की तिला येईल."

दर रविवारी सकाळी नागपूरला फोन. हा फोन म्हणजे हवामानखात्याचं बुलेटिन. तापमान किती, बर्फ किती, वारा कुठून, ओढ्यावरचा बर्फ फुटला की ओढा अजून गोठलेलाच. मावशी तिकडून आईची प्रकृती सांगायची. मग हा म्हणायचा, "बरं, ठेवते." कधी येतेस, करमत नाही, असं काही नाही. मला राग यायचा. इतक्या वर्षांचा संसार आणि बोलायला फक्त वारा!

आणि मला त्याच्या व्याकरणाचीही खाज सुटली होती. एप्रिलमध्ये एकदा गवताचे गठ्ठे टाकून परत येताना मी म्हटलं, "काका, एक सांगू? बाई म्हणते 'मी आले'. पुरुष म्हणतो 'मी आलो'."

त्याने पिकअप थांबवली. "मी पुरुष आहे," तो विचार करून म्हणाला.

"हो ना."

"म्हणजे मी इतकी वर्षं..."

"हो."

त्याने हॅट काढली, डोकं खाजवलं, हॅट घातली. "सुधाने नाही सांगितलं."

मग तो सराव करायला लागला. गोठ्यात, ट्रॅक्टरवर, टबापाशी. आलो, गेलो, दमलो. मन लावून करायचा, शाळेतल्या पोरासारखा. गाईंना मात्र पटलं नाही. तो फाटकापाशी उभा राहून "मी आलो" म्हणाला की त्या जागच्या हलायच्या नाहीत, कोण परका आलाय अशा नजरेने बघायच्या.

पुढच्या रविवारी त्याने फोन घेतला, घसा साफ केला आणि म्हणाला, "सुधा, मी काल कुंपणाकडे गेलो. मग जेवलो. फार दमलो."

"कोण बोलतंय?"

"वॉल्ट."

"मग असं पुरुषासारखं काय बोलतोयस?"

काकाने घाईघाईने फोन माझ्या हातात दिला आणि बंड्याला घेऊन बाहेर गेला.

"तू शिकवलंस ना?" मावशी म्हणाली. ती रागावली नव्हती, पण हसतही नव्हती.

"अगं, चुकीचं बोलतात ते. तू कधी सुधारलं कसं नाहीस?"

मग तिने सांगितलं. लग्नानंतरचा पहिला हिवाळा. बर्फ खिडकीपर्यंत. भारतात फोन म्हणजे चैन, पत्राला महिना. सासूबाई चांगल्या, पण त्यांचे शब्द मोजके. वॉल्ट तर लाजराच. "मला वेड लागायची पाळी आली होती गं. मग मी भांडी घासताना स्वतःशीच बोलायची, मोठ्याने. आता भात लावते, मग कपडे धुते, आज फार कंटाळले बाई मी. मराठी ऐकू तरी यावी म्हणून. एक दिवस अशीच म्हणाले, 'दमले मी.' तर मागून आवाज आला, 'मी पण दमले.' वळून बघते तर हा दारात, टोपी हातात. रोज दाराआड उभा राहून ऐकत होता. मराठी बोलणारी मी एकटीच, आणि तीही स्वतःबद्दल. दुसरं काय शिकणार?"

खिडकीबाहेर काका बंड्याशी काहीतरी बोलत होता.

"मी खाली बसून इतकी हसले, इतकी रडले. तेव्हाच सुधारलं असतं तर लाजून पुन्हा तोंड उघडलं नसतं त्याने. आणि नंतर सुधारावंसं वाटलं नाही. तू कशाला गेलीस त्यात?"

मी बाहेर जाऊन काकाला म्हटलं, "काका, राहू द्या. तुमचं जुनंच बरं आहे."

"काहून?"

"मावशीला तेच आवडतं."

तो एकदम सैलावला. "बरं झालं," तो म्हणाला. "गाईंनापण."

मे उजाडला. बर्फ वितळला, माळ हिरवा झाला. आई काठी घेऊन चालायला लागली. आणि मावशीचं येणं मात्र पुढे जायला लागलं. आधी म्हणाली, ताईला जिने चढता येऊ देत. मग म्हणाली, अजून थोडं राहते. फोनवर मागे बायकांच्या हसण्याचे आवाज यायचे. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी सापडल्या होत्या, रोज संध्याकाळी कोणी ना कोणी यायचं. तिचा आवाज मी इतका मोकळा कधी ऐकला नव्हता. एकदा आईने मला हळूच सांगितलं, "सुधा म्हणत होती, आपल्या बिल्डिंगमधला रिकामा फ्लॅट बघावा का."

मावशी परत येणारच नाही की काय, असं मला वाटलं. काकाला काही बोलले नाही. पण त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की तो त्याच्या खोलीत झोपतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून डुलक्या घ्यायचा, ते गाईंसाठी सारखं उठावं लागतं म्हणून, असं मी समजत होते. आता सगळ्या गाई व्याल्या होत्या, तरी सकाळी पाहावं तर हा खुर्चीतच, बूट घालून, हॅट डोळ्यांवर.

एका दुपारी आम्ही कुंपणाची तार ताणत होतो. तो ताणायचा, मी खांबाला धरायची. मला राहवलं नाही. "काका, मावशीला विचारा ना, कधी येतेस म्हणून."

त्याने तार पक्की केली. पक्कड खिशात ठेवली.

"ती तिथे हसते," तो म्हणाला. "फोनवर. हिवाळ्यात इथे ती इतकी नाही हसत."

"म्हणून काय झालं?"

"मी विचारलं, कधी येतेस, तर ती उद्या निघेल. शी इज लाइक दॅट." तो टेकडीकडे बघत होता. "म्हणून मी विचारत नाही."

आणि पुढच्या खांबाकडे चालायला लागला.

त्या रविवारी त्याने नेहमीसारखं बुलेटिन दिलं. पाऊस चांगला झाला, गवत घोट्याच्या वर आलं, वारा पश्चिमेचा. बरं, ठेवते. फोन माझ्या हातात आला. तो अंगणात गेल्याची खात्री करून मी मावशीला कुंपणापाशी झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. फ्लॅटचंही मला माहीत आहे, असं सांगितलं.

पलीकडचा बायकांचा गलका दार लावल्यासारखा एकदम बंद झाला. मला वाटलं लाइन तुटली.

"मठ्ठ आहे तो," ती म्हणाली. "फ्लॅट मी एकटीसाठी बघत होते होय! दोघांसाठी गं. आता त्याची हाडं दुखतात थंडीने, सांगत नाही, पण मला कळतं ना. म्हटलं, गाई शेजाऱ्यावर सोपवून हिवाळ्याचे महिने दोघांनी इथे काढावेत. पण हा दर रविवारी नुसता वारा सांगतो. मला वाटलं, याला माझी गरजच वाटेनाशी झाली. म्हटलं, एकदा तरी विचारू दे ना, कधी येतेस म्हणून."

"ते तुझ्यासाठी विचारत नव्हते, आणि तू..."

"हो, कळलं. फार शहाणपणा करू नकोस. तिकीट बघ माझं."

विमानतळ आमच्यापासून साडेतीन तासांवर. विमान दुपारी येणार होतं. काका पहाटे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पिकअपमध्ये बसलेला. आम्ही इतक्या लवकर पोचलो की तिथला सफाई कामगार आमच्यासमोर दोनदा फरशी पुसून गेला. काका हॅट मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसला होता. कॉफीही घेतली नाही.

मावशी आली. नागपुरी कॉटनचा ड्रेस, त्यावर त्याचा जुना लोकरीचा कोट, दोन भल्यामोठ्या बॅगा. काका उठून उभा राहिला. मला वाटलं, आता तरी काही बोलेल.

"गवत छान आलं आहे," तो म्हणाला.

"हो का," मावशी म्हणाली, आणि तिने त्याच्या शर्टाची वर-खाली लागलेली बटणं सगळ्यांसमोर उघडून नीट लावली.

पिकअपपाशी तिने हात पुढे केला आणि त्याने किल्ली देऊन टाकली. गाव सुटायच्या आधीच त्याला झोप लागली. साधीसुधी नाही; तोंड उघडं, हॅट पायाशी पडलेली, मान हळूहळू कलत मावशीच्या खांद्यावर. मी मागच्या सीटवर बॅगांमध्ये कोंबलेली. मावशीने रेडिओ बंद केला आणि त्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर बैलगाडीच्या वेगाने गाडी चालवायला लागली. मागून येणारे हॉर्न वाजवून पुढे जात होते.

"फ्लॅटचं सांगितलंस?" मी कुजबुजले.

"उठू दे. मग सांगते."

तो उठला नाही. संध्याकाळी गाडी अंगणात येऊन थांबली तरी नाही. मावशीने इंजिन बंद केलं नाही. बंद केलं तर थरथर थांबेल आणि तो जागा होईल, असं तिने मला खुणेने सांगितलं. मी जमेल तेवढा आवाज न करता उतरले, बॅगा आत नेल्या, तिघांचा चहा टाकला. चहा झाला. कपांवर बशा झाकून ठेवल्या.

बराच वेळ कोणी आलं नाही म्हणून खिडकीतून पाहिलं. माळावर उन्हं उतरत होती. मावशी तशीच बसली होती, पाठ सरळ, खांदा जराही न हलवता, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा त्याच्या केसांत. तिचे ओठ हलत होते. काय बोलत होती, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

मी चहा पुन्हा पातेल्यात ओतला आणि मंद आचेवर ठेवला.